अण्णांचा अमेरिकन वकील

आमच्या कराडच्या घरात एक अमेरिकन वकील राहायचा. मरून शंभराच्या वर वर्षं झालेली, पण घरात त्याचा वावर माझ्या सख्ख्या काकापेक्षा जास्त. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्यात लॉ कॉलेजला असताना त्यांना रद्दीच्या दुकानात त्याचं चरित्र सापडलं, आणि त्यांनी त्याला जे धरलं ते धरलंच. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आई सरळ चेहऱ्याने सांगायची, आमचे एक दीर अमेरिकेत असतात, ह्यांचं त्यांच्याशी फार. बायकांना ते खरं वाटायचं. अण्णांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

त्याचं नाव मी इथे देत नाही. त्याच्या देशातसुद्धा आता ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि शिवाय माझा त्याच्यावर राग आहे.

अण्णा सांगायचे ती गोष्ट अशी. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, शाळा जेमतेम. एका वकिलाच्या ऑफिसात झाडू मारता मारता त्याचीच पुस्तकं वाचून हा वकील झाला. त्या काळी तिकडे तसं चालायचं. न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फिरायचे आणि त्यांच्या मागोमाग वकीलही. रात्री खानावळीत एका पलंगावर दोघं-दोघं झोपायचे आणि सकाळी कोर्टात एकमेकांवर तुटून पडायचे. मालकाकडून पळून आलेल्या एका गुलाम बाईची केस ह्याने लढवली आणि ती मोकळी झाली. मग लोकांनी त्याला निवडून दिलं, आधी राज्याच्या विधिमंडळात, नंतर वॉशिंग्टनला. इथे अण्णांची गोष्ट संपायची. पुढे काय झालं विचारलं की म्हणायचे, पुढे काय, म्हातारा झाला. मला लहानपणी त्यात काही खटकलं नाही. गोष्ट संपायला तेवढं कारण पुरेसं वाटायचं.

त्या माणसाकडून अण्णांनी एक सवय उचलली होती. केस हातात आली की आधी विरुद्ध बाजू मांडायची. नुसती मनातल्या मनात नाही, उभं राहून, मोठ्याने, समोरच्या वकिलाला सात जन्मांत जमणार नाही इतकी चांगली. जेवणं झाली की आई आणि मी न्यायाधीश व्हायचो. अण्णा स्वतःच्याच अशिलाला असं सोलून काढायचे की आई म्हणायची, द्या हो त्या मेल्याला फाशी. मग अण्णा घोटभर पाणी प्यायचे, म्हणायचे, "आता आमचं म्हणणं ऐका," आणि आधी उभा केलेला एक एक मुद्दा आडवा करायचे. कोर्टातही असंच. आमच्या विद्वान मित्रांना जे म्हणायचंय ते मीच आधी सांगून टाकतो, अशी सुरुवात, आणि विद्वान मित्र बिचारे तोंड उघडं टाकून बसलेले. एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. तिथेही भर सभेत आधी विरोधकाची बाजू मांडायला गेले. लोकांना ती पटली. अण्णा पडले. आईने हा किस्सा मरेपर्यंत सगळ्यांना ऐकवला.

आई गेली तेव्हा मी टोकियोत, निशी-कसाईत होते. नवरा आयटीत, मीही एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. अण्णा कराडला एकटे, आणि मी त्यांची एकुलती एक. इकडे आईवडिलांना कायमचं आणून ठेवता येत नाही. भेटीला येऊ देतात, मुदत संपली की परत. पण नवऱ्याचा व्हिसा ज्या प्रकारचा होता त्यात एक फट होती: घरात सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला सांभाळायला आजी किंवा आजोबा येऊन राहू शकतात. अण्णांनी तो नियम स्वतः वाचला. म्हणाले, म्हणजे मी तुमच्या मुलीची आया. म्हटलं, हो. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चहा कपात ओतून घेतला नव्हता तो वयाच्या बहात्तराव्या वर्षी आया म्हणून जपानला आला.

आणि कामाला लागला, खरंच. पाळणाघराला इकडे होइकुएन म्हणतात. मुलीला तिथे सोडायचं, आणायचं, तिची टोपी, तिचा टॉवेल, सगळं अण्णा. कचरा वेगळा करायचा वॉर्डाचा तक्ता त्यांनी एखादा कायदा वाचावा तसा वाचला आणि बाटलीवरचं लेबल न काढल्याबद्दल माझ्या नवऱ्याला बोल लावले. संध्याकाळी बागेत आणखी काही मराठी, गुजराती आजोबा जमायचे. तिथे नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, नात किती वर्षांची? हा प्रश्न कौतुकाचा नव्हता. तुम्हाला अजून किती दिवस आहेत, असं ते विचारत असत.

मुलगी अण्णांशी जपानीत बोलायची, अण्णा तिच्याशी मराठीत. दोघांचं बरं चाललं होतं. घोड्यावरून फिरणारा वकील तिलाही मिळाला. गुलाम बाई सुटली की ती टाळ्या वाजवायची.

पहिली गोष्ट घडली ती स्टेशनवर. होइकुएनला सुट्टी होती म्हणून दोघं तोझाई लाइनच्या मेट्रोने कुठेशी गेले होते, येताना निशी-कसाईला उतरलेच नाहीत. दोन स्टेशनं पुढे, उरायासुला फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. मुलीने स्टेशनवरच्या माणसाला गाठून, आमच्या आजोबांना घर आठवत नाही, असं सांगितलं आणि माझा नंबर दिला. ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. मी धावत गेले तर ती त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. सरकारदरबारी ते तिला सांभाळत होते. मला रडूही आलं आणि चीडही आली, कुणाची ते कळेना. पुढे डॉक्टर झाले, मेंदूचे फोटो झाले. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टरांनी खाली मान घालून सांगितलं. अण्णांनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, वय झालंय म्हणतोय. ते म्हणाले, एवढं सांगायला फोटो कशाला काढले.

मुलीला सात पूर्ण व्हायची वेळ जवळ आली तशी माझी झोप उडाली. दुसऱ्या घरात वाढदिवसाला केक कुठून आणायचा ही काळजी असते. आम्ही व्हिसाची कामं करून देणाऱ्या एका जपानी सल्लागाराकडे गेलो. तो म्हणाला, एक दार आहे, अगदी अरुंद. माणूस म्हातारा आहे, आजारी आहे आणि मायदेशी बघणारं कुणीही नाही, हे पटलं तर कधीकधी राहू देतात. बहुतेकदा नाही देत. कराडला माझा एक चुलतभाऊ होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, ताई, आमच्याकडे आमचेच दोन म्हातारे आहेत गं. त्याचं तरी काय चुकलं? आम्ही अर्ज केला आणि वाट बघत बसलो.

त्या दिवसांत अण्णांना वाचता येईनासं झालं होतं. ओळ हातातून सुटायची. त्यांचं मन रमावं म्हणून मी इंटरनेटवर त्या वकिलाची भाषणं शोधली. सगळी होती तिथे, कुणीतरी स्कॅन करून टाकलेली. रविवारी दुपारी मी वाचायची, अण्णा डोळे मिटून ऐकायचे. मला वाटलं, ह्याहून चांगली सेवा कुठली मुलगी करणार! गुलाम बाईची केस झाली, विधिमंडळ झालं, वॉशिंग्टन झालं. मग आमच्या घरात कधीच न सांगितला गेलेला भाग सुरू झाला. यादवी युद्धानंतर तो पश्चिमेला समुद्रकाठच्या राज्यात जाऊन राहिला. तिथल्या गोऱ्या मतदारांना चिनी मजूर नको होते. ह्याला निवडून यायचं होतं. आणि मग ते भाषण. चिनी माणसाला मजुरीपुरता येऊ द्या, काम झालं की जाऊ द्या. त्याच्यामागून बायको येऊ देऊ नका, म्हातारे आईबाप तर मुळीच नकोत. ज्याने आईबाप आणले तो परत जात नाही, ज्याचे आईबाप इथल्या मातीत गेले त्याला मग कोणताच कायदा हलवू शकत नाही.

मी थांबले. तर अण्णांनी डोळे न उघडता पुढची वाक्यं म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सकाळी नाष्टा केला की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं त्यांनी ते अख्खं भाषण शेवटापर्यंत म्हटलं.

मी भडकले. लहानपणापासून ज्याच्या गोष्टी सांगून मला झोपवलंत तो हा? कळतंय का तुम्हाला, हा तुमच्याबद्दल बोलतोय, माझ्याबद्दल बोलतोय! आणि हे तुम्हाला पाठ? नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला, परत गेला. अण्णा शांत होते. म्हणाले, ती त्याची वाईट केस होती. त्याला माहीत होतं वाईट आहे. तरी लढला, आणि लोकांनी पुढच्या निवडणुकीत त्याला पाडलाच. कुठल्यातरी खानावळीतल्या खोलीत एकटाच मेला.

"मग पाठ कशाला केलंत?" मी विचारलं.

"विरुद्ध बाजू आहे ती आपली," अण्णा म्हणाले. "ह्याच्याइतकी चांगली कुणी मांडलेली नाही. आणि ह्याला माझ्याकडे उत्तर आहे. वर्षानुवर्षं घासून तयार केलंय."

मी म्हटलं, सांगा मग. ते म्हणाले, कोर्टाबाहेर बोलायचं नसतं. त्या आठवड्यात मी तीन-चारदा तरी विचारलं. गोडीत विचारलं, चिडून विचारलं, मुलीला पुढे करून विचारलं. हसायचे आणि म्हणायचे, वेळ येऊ दे. हट्टी माणूस. मला एकीकडे त्यांचा राग यायचा आणि एकीकडे भीती वाटायची, की ते उत्तर ज्या डोक्यात आहे त्या डोक्यातून रोज काहीतरी गळून चाललंय.

इमिग्रेशनकडून बोलावणं आलं, काही प्रश्न विचारायचे आहेत म्हणून. आम्ही घरी तयारी करून घेतली. तिकडे कुणी नाही, मुलीजवळ राहायचंय, बस, एवढंच बोलायचं. अण्णा हो हो म्हणाले. निघताना बघते तर अंगात काळा कोट. कराडहून बॅगेच्या तळाशी घालून आणला होता, मला पत्ता नाही. नवरा म्हणाला, राहू दे, छान दिसतायत. खरंच छान दिसत होते.

समोर एक तरुण अधिकारी बाई होती, वागायला अतिशय नम्र. दुभाष्याचं काम मीच करायचं असं ठरलं. तिने विचारलं, तुम्हाला जपानमध्ये का राहायचं आहे? मी मराठीत विचारलं. अण्णा उभे राहिले. कोटाचं बटण लावलं आणि इंग्रजीत म्हणाले, आपली परवानगी असेल तर माझ्याविरुद्ध जे म्हणता येईल ते मीच आधी सांगतो.

मी कोटाची बाही ओढून त्यांना खाली बसवणार होते. पण मग तो आवाज ऐकला. कित्येक महिन्यांत तो आवाज घरात नव्हता. ते भाषण त्यांनी जसंच्या तसं म्हटलं नाही, त्याचं आजचं केलं. ज्या देशाने कामासाठी माणूस बोलावला त्याने त्याच्या म्हाताऱ्याचीही जबाबदारी घ्यावी असं कोणत्या न्यायात बसतं? ह्या देशाला स्वतःचे म्हातारे थोडे आहेत का? मी इथे कर भरला नाही, इथली भाषा शिकलो नाही. मुलाला सांभाळायला म्हणून आलो, ते मूल आता मोठं झालं. माझं काम संपलं. आज मला राहू दिलंत तर उद्या माझ्यासारखे हजार उभे राहतील, त्यांना काय सांगाल? मुद्द्यामागून मुद्दा, कुठे अडखळणं नाही. मी सगळं भाषांतर केलं, एकही वाक्य गाळलं नाही. कारण पुढे काय येणार ते मला जन्मापासून माहीत होतं. अधिकारी बाईने लिहिणं थांबवलं होतं. मी नवऱ्याकडे बघून हसलेसुद्धा. बघ आता, अशा अर्थाने.

अण्णा बाटलीतलं घोटभर पाणी प्यायले. म्हणाले, "आता आमचं म्हणणं ऐका."

आणि थांबले.

एकदा बाईकडे बघितलं. कोटाच्या खिशात हात घातला, रिकामाच बाहेर काढला. बाई वाट बघत होती. इकडची माणसं शांतपणे वाट बघू शकतात. मग अण्णा माझ्याकडे वळले आणि मराठीत, अगदी हळू, घरात चष्मा कुठे ठेवला विचारावं तसं म्हणाले, "अगं, आपलं काय म्हणणं होतं?"

मला ते माहीत नव्हतं. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी जपानीत काहीतरी बोलायला लागले, हे आजारी आहेत, ह्यांना असं म्हणायचं नव्हतं, ह्यांची ही पद्धत आहे, आधी उलटी बाजू मांडायची. बाई म्हणाली, माफ करा, पण मला त्यांचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं आहे. अण्णा खाली बसले होते. त्यांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं. शेवटी तिने त्यांना वाकून नमस्कार केला, आम्हालाही केला.

नकार आला. सल्लागार म्हणाला, मुलाखतीने काही बिघडलं नसेल, अशा अर्जांचं बहुतेकदा असंच होतं. असेलही. मी त्या माणसाशी भांडले, नवऱ्याशी भांडले. एक दिवस मुलीने विचारलं, अण्णांना का जावं लागतं? मी म्हटलं, तू मोठी झालीस म्हणून. पोरीचा चेहरा इतका पडला की मला माझीच जीभ तोडावीशी वाटली. तिला जवळ घेतलं, पण तोंडातून गेलेलं गेलं.

अण्णांना मीच घेऊन गेले. साताऱ्याच्या अलीकडे एक वृद्धाश्रम आहे, माणसं चांगली आहेत, खिडकीतून डोंगर दिसतो. रजा होती तेवढे दिवस रोज त्यांच्याजवळ बसून राहिले. ते उत्तर मी तिथेही विचारलं, आडून आडून. त्यांना प्रश्नच समजला नाही. अमेरिकन वकिलाचं नाव घेतलं तर म्हणाले, कोण? आपल्या बार असोसिएशनमधले का? रजा संपली, मी परत आले. येताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि सांभाळून जा म्हणाले. मला ओळखून म्हणाले की कुणालाही म्हणतात तसं, ते कळलं नाही.

आता दर रविवारी तिथल्या मावशी त्यांच्यासमोर मोबाइल धरतात. आधी मुलगी बोलते. तिचं मराठी बरंच सुधारलंय, मुद्दाम शिकतेय. मग मी बोलते. काही रविवारी मी त्यांची बहीण असते, काही रविवारी कुणीच नसते.

मागच्या रविवारी त्यांनी मला बघितलं आणि एकदम ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाले, "बोला बाई. काय काम काढलंत?"

मावशी मागून म्हणाल्या, अहो अण्णा, लेक आहे तुमची. त्यांनी हातानेच मावशींना गप्प केलं. अशील समोर असताना मध्ये बोललेलं त्यांना पूर्वीपासून चालायचं नाही. मी काय बोलावं? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, मी जपानमध्ये असते. माझे वडील म्हातारे आहेत, आजारी आहेत. त्यांना माझ्याजवळ राहू देत नाहीत.

अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. वय विचारलं. आजार काय तो विचारला. इकडे त्यांचं कुणी आहे का विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली होती, ती बघून माझे डोळे भरून आले आणि मी फोन जरा बाजूला धरला.

"केस चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "मी उभा राहतो. फक्त तारखेला वडिलांना बरोबर घेऊन या. म्हातारा माणूस समोर बसलेला दिसला की नाही म्हणणं कुणालाही जड जातं."

मी म्हटलं, आणते.